बायकांचे तुरुंग रिकामे करा, असा ठराव



अमरगोळच्या या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचविले गेले तेव्हा दोघा सन्माननीय उमेदवारांनी आपले अर्ज तत्काळ मागे घेतले, आणि तिसऱ्यांनी, अर्ज मागे घेण्याची मुदत टळून गेली असल्यामुळे, मतमोजणी झाल्यावर आपण उभेच नव्हतो असे जाहीर केले. या तिघांच्याही औदार्याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करणे माझे कर्तव्य आहे. ज्यांना माझी निवड रुचलेली नाही ती मंडळी मंडपाच्या डाव्या अंगाला एकत्र बसली आहेत, हे मला येथून स्वच्छ दिसते. त्यांनी उठून जाऊ नये. गिरमिट आणि मिरची भजी यांची व्यवस्था भाषणानंतर आहे, आधी नाही, अशी मी चिटणिसांकडून खात्री करून घेतली आहे.

या व्यासपीठावरून बोलणाऱ्या अध्यक्षाने आरंभी अमरगोळच्या चालुक्यकालीन शंकरलिंग मंदिराला वंदन करावे, मग धारवाडच्या कानडी कवी बेंद्रे मास्तरांच्या घरात मराठी बोलली जात होती याचे स्मरण द्यावे, जी. ए. कुलकर्णी याच मुलखात राहून आपल्या कथा लिहीत होते असे सांगून चष्मा पुसावा, आणि अखेरीस सीमाप्रश्नाकडे वळून, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव का नाही हा प्रश्न, कोणाचे नाव न घेता परंतु सर्वांना कळेल अशा स्वरात, विचारावा, असा येथला रिवाज आहे. तो रिवाज मी या एका वाक्यात पार पाडला असे समजावे. बेळगावकरांच्या दृष्टीने आपण सीमेच्या पलीकडचे आणि बेंगळुरूच्या दृष्टीने अलीकडचे असूनही परके, ही आपली व्यथा खरी आहे. पण ज्या समाजाला आपल्या स्वतःच्या उपेक्षेचे एवढे सूक्ष्म भान आहे, त्याला आपल्या दारातल्या दुसऱ्यांच्या उपेक्षेचे भान इतके थोडे कसे, हा प्रश्न मला अधिक जुना आणि अधिक बोचणारा वाटत आलेला आहे, आणि आज ध्वनिक्षेपक माझ्या हाती असल्यामुळे मी तो विचारणार आहे.

आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे की मी आयुष्यभर फौजदारी न्यायालयात वकिली केली आणि उरलेल्या वेळात कथा लिहिल्या. माझ्या कथा वकिली वळणाच्या आहेत असे समीक्षकांचे मत आहे, आणि माझी कैफियत कादंबरीसारखी लांबते असे न्यायाधीशांचे होते. दोन्ही तक्रारी मी मान्य करते. परंतु या दोन्ही व्यवसायांतून एकच ठराव जन्माला आला, आणि तो मी या संमेलनाच्या विषयनियामक समितीकडे वर्षानुवर्षे पाठवीत आले आहे: स्त्रियांसाठी यापुढे नवे कारागृह कोठेही बांधले जाऊ नये, आणि जी आहेत ती क्रमाक्रमाने रिकामी करून बंद करण्यात यावीत. दरवर्षी हा ठराव ‘साहित्यबाह्य’ असा शेरा घेऊन दाखलदप्तर होतो. शेऱ्याचे अक्षर बदलत जाते, कारण चिटणीस बदलतात. शेरा बदलत नाही.

मी हट्टी आहे, आणि म्हणून या समितीने जे ठराव साहित्यान्तर्गत मानले त्यांचीही मी नोंद ठेवीत आले. रेल्वेच्या थांब्याविषयीचा ठराव साहित्यान्तर्गत ठरला. फलाटावरील पाटीवर मराठी अक्षरे किती इंचांची असावीत, हा ठराव दोन दुरुस्त्यांसह संमत झाला. धारवाडी पेढ्यावर कर लावताना त्याची गणना मिठाईत करावी की प्रसादात, या विषयावर समितीत दुपार गेली, आणि त्या दुपारी तुरुंगातील बाईसाठी पाच मिनिटे मागणाऱ्या मला वेळेचे महत्त्व समजावून सांगण्यात आले. पेढा साहित्यात बसतो आणि बंदिनी बसत नाही, एवढाच बोध मी त्यातून घेतला. या समितीचे एक माजी अध्वर्यू, ज्यांचे नाव घेण्याची गरज नाही कारण ते स्वतःच ते पुरेसे घेत असतात, मला म्हणाले होते, “बाई, तुरुंगाचा विषय आपल्याकडे उत्तम हाताळला जातो. आपण त्यावर परिसंवाद घेतो ना!”

घेतो, हे खरे आहे. ‘तुरुंग आणि मराठी साहित्य’ हा परिसंवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील वक्ते आजारी पडले तर मी तो एकटीने म्हणून दाखवीन. मंडालेत लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. अंदमानाने ‘माझी जन्मठेप’ दिली. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनीच ती उतरून घेतली. स्थानिक अभिमानासाठी शेवटी जोड द्यायची की आपल्या बेंद्रे मास्तरांना ‘नरबलि’ या कवितेपायी हिंडलग्याची हवा खावी लागली. या थोर पुरुषांच्या चरणी माझेही मस्तक नम्र आहे. तथापि एक गोष्ट नजरेस आणून देते: हे सर्व तुरुंगात जाताना लिहिता-वाचता येणारे होते, आपण का आलो हे त्यांना ठाऊक होते, आणि बाहेर त्यांची वाट पाहणारा एक समाज होता. त्यांच्या तुरुंगवासाने तुरुंगाला प्रतिष्ठा आली, आणि त्या प्रतिष्ठेच्या प्रकाशात, लिहिता न येणारी, का आलो हे न समजलेली आणि वाट पाहणारे कोणी नसलेली बाई आपल्या वाङ्मयाला कधी दिसलीच नाही. तुरुंग म्हटला की आम्हांला ग्रंथ आठवतो. अंगठा आठवत नाही.

आणि अंगठा शोधण्यासाठी मंडालेला जाण्याचे कारण नव्हते. येथून चिगरी बसने हुबळीस उतरा आणि कोणत्याही रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ असे एवढेच सांगा; तो पत्ता विचारणार नाही. आपण सर्वांनी हे नाव उच्चारले आहे, तेथून गेलो आहोत, आणि हे नाव इंग्रजी का आहे, कोणी कोणाला तेथे ‘वसविले’ होते, याचा विचार न करता पुढे गेलो आहोत. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला, ज्याच्या अन्वये काही जमातींच्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविता येत असत. १९११ साली त्याची व्याप्ती साऱ्या देशावर झाली, १९२४ साली तो पुन्हा घट्ट आवळण्यात आला. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, गदग, हुबळी अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. कोरवर, हरणशिकारी, घंटीचोर अशी नावे ज्यांच्या कपाळी सरकारी दप्तराने कोरली ती कुटुंबे बायकामुलांसकट तेथे आणून ठेवण्यात आली. नोंदणी, अंगठ्याचा ठसा, ठरल्या वेळेची हजेरी, बाहेर पडायचे तर पास. आणि कायद्याने सरकारला असाही अधिकार दिला होता की सहा वर्षांवरील मूल आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळेत घालावे. गिरण्यांना आणि रेल्वेच्या वर्कशॉपला मजूर हवे होते, हा योगायोग समजावा असे अहवाल लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे.

हे अहवाल वाचण्यासारखे आहेत. वसाहतींचा कारभार पाहणारे स्टार्ट नावाचे आय.सी.एस. अधिकारी होते, ते दुष्ट नव्हते, उलट कळकळीचे होते, आणि १९३० साली दलित व आदिवासींविषयीच्या ज्या समितीचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली निघाला तिचे डॉक्टर आंबेडकर हे सभासद होते. अशा माणसांच्या हातून चालणारी ती व्यवस्था होती. शाळा होत्या, दवाखाने होते, प्रगतीचे तक्ते होते. वसाहती नसत्या तर इलाख्यात कोणाच्या घराला कुलूप पुरले नसते, अशी सर्व सभ्य लोकांची प्रामाणिक समजूत होती. आमच्या समाजातील वकील, मामलेदार, शिक्षक, संपादक, सारे त्या समजुतीत सामील होते; माझे आजोबाही होते. मग १९३७ नंतर या कायद्याच्या चौकशीसाठी मुन्शी समिती बसली, स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समिती बसली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो कायदा देशभर रद्द झाला.

हुबळीचे काय झाले? काही झाले नाही. गाव लुटले गेले नाही. बाजार उठला नाही. गिरणीचा भोंगा वाजला, माणसे पाळीवर गेली, संध्याकाळी घरी आली, एवढाच फरक की त्यांना मोजायला कोणी उभे नव्हते. माझ्या ठरावातील एवढी एकच गोष्ट मला या सभेच्या कानी घालावयाची आहे, आणि ती साधी असल्यामुळेच आजवर कोणाच्या गळी उतरली नाही: तुरुंग बंद करणे हे स्वप्न नव्हे, आपल्या या जोडगावाने ते एकदा केलेले आहे. बायका आणि मुले ज्यात कोंडलेली होती असा एक अवाढव्य तुरुंग, जो अपरिहार्य आहे असे सर्व शहाण्यांचे मत होते, एका हुकमाने मोडला गेला आणि त्याच्या जागी गल्ल्या, टपऱ्या, मारुतीचे देऊळ आणि मतदारयादी आली. ज्यांना हे अशक्य वाटते त्यांनी सेटलमेंटमध्ये जाऊन चहा प्यावा.

येथे कोणी म्हणेल की कायदा गेला पण संशय गेला नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. सराईत गुन्हेगारांचे कायदे मागल्या दाराने आले, आणि चोरी कोठेही झाली तरी फौजदाराचे पाय त्याच वस्तीकडे वळत राहिले. हे कोणाकडून शिकायचे तर बेळगावजवळच्या यमनापूरच्या भीमराव गस्तींकडून. ‘बेरड’ हे त्यांचे आत्मकथन १९८७ साली आले, त्याच सुमारास लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले, त्यापूर्वी लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आले होते. आणि मराठी साहित्याने या तिघांना पारितोषिके देऊन त्यांच्या म्हणण्यातून स्वतःची सुटका करून घेतली. गस्ती नुसते लिहून थांबले नाहीत. देवदासी झालेल्या मुलींसाठी आणि बेरडवाड्यांवर पडणाऱ्या धाडींविरुद्ध ते या सीमाभागात आयुष्यभर पायी फिरले. ते गेले तेव्हा आपल्या संमेलनाने दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली, आणि नंतर माझा ठराव फेटाळला.

माझ्या लहानपणी आमच्या दारी वसाहतीतली एक केरसुणीवाली येत असे. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या, टोपल्या, कधी सुपे. कायदा जाऊन काही वर्षे झालेली होती. आई तिला ओसरीवर बसवून शिळी भाकरी आणि झुणका देत असे. ती घाईघाईने खात असे आणि मध्येच आमच्या घड्याळाकडे बघत असे. घड्याळ तिला वाचता येत नव्हते, म्हणून ती मला विचारी. उन्हे कलू लागली की ती टोपले डोक्यावर घेऊन चालू लागे, मग अर्धी भाकरी पानावर का राहीना. आईने एकदा विचारले, “अगं, आता कोण हजेरी घेतंय?” ती म्हणाली, “कोणी नाही, आक्का. पण जीव राहत नाही.” तेव्हा मला त्याचे हसू आले होते. पुढे न्यायालयात, दहा-दहा वर्षे आत काढून सुटलेल्या बायका मी पाहिल्या, दार उघडे असताना कोणी ‘जा’ म्हणेपर्यंत उभ्या राहणाऱ्या, आणि त्या वेळी हसू आले नाही.

आता आजच्या तुरुंगांकडे येते, आणि आकडे सांगते, कारण आकड्यांना साहित्यबाह्य म्हणणे सोपे जात असले तरी खोटे म्हणणे अवघड जाते. सरकारच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. शेकडा पंचाहत्तरांहून अधिक. स्त्रिया २३,७७२. त्यांपैकी १,५३७ जणींबरोबर १,७६४ मुले आत होती. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उपाध्याय खटल्यात ठरवून दिले आहे, आणि त्या निर्णयाला मी नावे ठेवीत नाही. पण १९२४ चा कायदा सहा वर्षांचे मूल आईपासून तोडीत असे आणि आजचा नियमही सहा वर्षे भरताच तेच करतो, या साम्याकडे समितीने एकदा तरी पाहावे. खास स्त्रियांसाठी असलेले तुरुंग तेव्हा देशात अवघे ३४. बाकीच्या बायका पुरुषांच्या तुरुंगाच्या एखाद्या कोपऱ्यात, भिंतीआड भिंत घालून ठेवलेल्या.

यावर सुधारकांचे उत्तर तयार असते: चांगले तुरुंग बांधा. त्यांना मी भायखळ्याची आठवण देते. तेथील स्त्री-कारागृहात जून २०१७ मध्ये एक बंदिनी मेली. अंडी आणि पाव यांच्या हिशेबावरून तिला मारहाण झाली असा आरोप आहे, सहा कर्मचारी स्त्रियांवर खुनाचा खटला भरला गेला, आणि तिच्या मरणाने खवळून ज्या बायकांनी आक्रोश केला त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा नोंदविण्यात आला. ती इमारत स्त्रियांची, पहारा स्त्रियांचा, मरणारीही स्त्री. येरवड्याच्या फाशी यार्डात ठेवलेल्या सुधा भारद्वाज यांनी आपल्या कोठडीच्या गजांतून पाहिलेल्या ७६ बायकांविषयी पुस्तक लिहिले आहे. परिसंवादातील विद्वानांनी ते वाचावे, मग मंडालेकडे वळावे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा सर्वांना कळले की कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा आणि कोणत्या जातीच्या कैद्याने संडास झाडावे हे स्वतंत्र भारताच्या तुरुंगनियमांत लिहिलेले होते, आणि विमुक्त ठरलेल्या त्याच जमातींना त्यात अजून जन्मजात सराईत मानलेले होते. १९५२ साली आम्ही वसाहतींची जी तार कापली ती गुंडाळून कोणीतरी तुरुंगाच्या कचेरीत जपून ठेवली होती.

आता जामिनाविषयी. हा माझा आवडता विषय आहे, तो आता सुरू होतो आहे, आणि ज्यांना घड्याळ पाहावयाचे असेल त्यांनी खुशाल पाहावे.

कायद्यात स्त्रीला सवलत आहे. देहान्ताच्या किंवा जन्मठेपेच्या आरोपातही न्यायाधीशाला वाटले तर स्त्रीला जामीन देता येतो. जुन्या फौजदारी संहितेत ही तरतूद होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नव्या संहितेने आणखी असे म्हटले आहे की पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल तर, जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे वगळता, तिला सोडावे. हुकूम होतो. बाई मात्र आतच राहते. का? तर हुकमाखाली लिहिलेले असते: इतक्या रकमेचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार. लायक म्हणजे ज्याच्या नावे जमीन, घर, निदान उतारा आहे असा. आता ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर पितळेचा तांब्या नाही, जिचा नवरा एकतर फिर्यादी आहे किंवा मयत आहे किंवा सहआरोपी आहे, जिच्या माहेरच्यांनी अटकेच्या दिवशीच तिच्या नावाने आंघोळ केली आहे, तिच्यासाठी शेताचा उतारा घेऊन कचेरीत कोण उभा राहणार? मग न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसणारे भाडोत्री जामीनदार आठवतात; एकच उतारा घेऊन चार तालुक्यांत हमी देणारी ती माणसे मी रोज पाहिली. त्यांना भाडे द्यायला पैसे नसलेली बाई आत राहते, आणि पैसे असलेली सुटते, आणि दोघींच्या हुकमांतील मजकूर सारखाच असतो. केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना काढली, चाळीस हजार रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम सरकार भरील अशी. किती वकिलांना ती ठाऊक आहे, हे मी बार असोसिएशनच्या खोलीत विचारून पाहिले आणि उत्तरादाखल मला चहा मिळाला.

आपल्या या जोडगावाने याहून चांगले काही केलेले आहे, आणि ते करणारी व्यक्ती एक बालविधवा नव्हे पण तरुणपणीच वैधव्य आलेली, कोकणी-कानडी-मराठी बोलणारी बाई होती. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर. भगिनी मंडळ, टिळक कन्याशाळा, सेवादलाचा महिला विभाग, एवढे सगळे सांभाळणाऱ्या उमाबाईंना १९३२ साली चार महिने येरवड्याला ठेवण्यात आले. परत आल्या तेव्हा छापखाना जप्त, शाळेला टाळे, भगिनी मंडळ बेकायदा. त्यानंतर त्यांनी केले ते कोणत्याही परिसंवादात येत नाही. तुरुंगातून सुटलेल्या ज्या स्वयंसेविकांना घरच्यांनी दार बंद केले होते, त्यांना हुबळीतील आपल्या लहानशा घरात त्यांनी आश्रय दिला, कर्ज काढून जेवू घातले आणि गाडीभाडे देऊन वाटेला लावले. तो जामीनच होता, उताऱ्यावाचूनचा. १९३२ च्या तुरुंगात ग्रंथ लिहिणारे आपल्याला तोंडपाठ आहेत. सुटलेलीला भाकरी देणारी बाई ठाऊक नाही.

आणि ज्या भिंतींना तुरुंग म्हणत नाहीत त्यांचे काय? सुधारगृह, संरक्षणगृह, राज्यगृह अशी सोज्ज्वळ नावे असलेल्या त्या वास्तूंतून बाईला सोडवून घेण्यासाठी मी जेवढे अर्ज केले तेवढे तुरुंगासाठीही केले नाहीत, कारण तुरुंगात शिक्षेला मुदत तरी असते. १९७९ साली हुस्नआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील अशा बायका उजेडात आल्या की ज्या आरोपी नव्हत्या, पीडित किंवा साक्षीदार होत्या, आणि त्यांच्या ‘संरक्षणा’साठी त्यांना कोंडलेले होते. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका हेच कित्येक वर्षे ओरडून सांगत आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळजणी आपल्याच मुलखातून गेलेल्या, कानडी बोलणाऱ्या. धाड घालून ‘सोडविलेल्या’ सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध वर्ष-वर्ष सुधारगृहात ठेवणे म्हणजे कैदच, हे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तिघींना मुक्त केले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सज्ञान स्त्रिया शोधून सोडण्यास राज्यांना सांगितले. आमच्यातील काही विदुषींना या सांगलीच्या बायकांबरोबर एका मंचावर बसणे जड जाते, असे माझ्या कानी आले आहे. त्यांनी उभे राहावे. उभे राहण्यालाच आमच्याकडे अनुमोदन म्हणतात.

दूर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, फ्रॅमिंगहॅम येथे १८७७ पासून स्त्रियांचा तुरुंग आहे. तो जुना झाला, म्हणून नवा बांधावा असा सरकारी विचार निघाला, तेव्हा अँड्रिया जेम्स आणि त्यांच्यासारख्या स्वतः तुरुंग भोगून आलेल्या बायकांनी सांगितले की नवा नको आणि जुनाही नको. तो पैसा घरे आणि औषधे यांवर खर्चा. २०२२ साली विधिमंडळाने पाच वर्षे तुरुंगबांधणी थांबविण्याची तरतूद संमत केली आणि राज्यपालांनी ती नाकारली; म्हणजे त्यांचा ठराव निदान राज्यपालांपर्यंत तरी पोहोचला. लंडनचा हॉलोवे हा स्त्रियांचा प्रख्यात तुरुंग २०१६ साली बंद झाला, पण त्यातील बायकांना दुसऱ्या तुरुंगांत हलविण्यात आले. त्याला मी बंद करणे म्हणत नाही. माझ्या ठरावात ‘रिकामी करून’ हे शब्द आहेत, आणि समितीच्या एका सभासदाने ‘भाषासौष्ठवासाठी’ ते गाळण्याची सूचना केली होती.

राहता राहिला आक्षेप, जो चहाच्या वेळी हलक्या आवाजात घेतला जातो: खून करणाऱ्या बायकांचे काय? सुनेला जाळणाऱ्या सासूचे काय? मी फौजदारी वकील आहे; खून म्हणजे काय हे मला पेपरातून वाचावे लागत नाही. शिक्षा झालेल्या स्त्रियांत खुनाच्या आरोपाच्या पुष्कळ आहेत, हे खरे. त्यांत सासवा आहेत, आणि वीस वर्षे मार खाऊन एका रात्री पाटा उचललेल्या बायका आहेत, आणि नवऱ्याने व दिराने केलेल्या खुनात घरात होती एवढ्यावरून गोवलेल्या आहेत. आतल्या साऱ्या बायकांतून आधी कच्च्या कैदेतील सोडा, मग लेकुरवाळ्या, मग म्हाताऱ्या आणि आजारी, मग ज्यांनी अर्धी शिक्षा भोगली त्या. त्यानंतर उरतील त्या थोड्यांचे काय करावयाचे यावर मी कोणाशीही, रात्रभर, भांडायला तयार आहे. पण त्या थोड्यांचे नाव पुढे करून बाकी साऱ्यांना आत ठेवणे हे सेटलमेंटच्या अहवालातले तर्कशास्त्र आहे. एका दरोडेखोराच्या नावावर तेथे जमातच्या जमात मोजली जात होती. आणि प्रत्येक भीषण बातमीनंतर मेणबत्ती हाती धरून नव्या फाशीची आणि नव्या तुरुंगाची मागणी करणाऱ्या माझ्या भगिनींना एवढेच सांगते की ते तुरुंग बांधून झाले की त्यांत प्रथम कोण भरले जाते, हे बघायला एकदा माझ्याबरोबर भेटीच्या दिवशी फाटकावर चला. तेथे भेटायला आलेल्या माणसांच्या पायांत काय आहे ते पाहा.

‘प्रयास’सारखी मुंबईची मंडळी १९९० पासून तुरुंगांत जाऊन बायकांची कागदपत्रे, घरे, मुले सांभाळीत आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल येथे बोलण्यासाठी वेळ मागणाऱ्यांना गेल्या खेपेस कविसंमेलन लांबले म्हणून परत पाठविण्यात आले. आज कविसंमेलन साडेपाचला आहे. ते सहाला सुरू होईल. कवींनी रागावू नये. त्यांच्यापैकी निदान एकाने सेटलमेंटवर कविता लिहिली तर मी ती स्वखर्चाने छापीन.

संमेलनाच्या घटनेतील एका कलमान्वये अध्यक्षाला विषयनियामक समितीच्या शिफारशीवाचून एक ठराव स्वतः मांडता येतो. हे कलम कोणी वाचलेले नाही, कारण ते शेवटच्या पानावर, वर्गणीच्या नियमांखाली आहे. त्या अधिकारात मी ठराव मांडते: “हे संमेलन अशी मागणी करते की कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत स्त्रियांसाठी नवे कारागृह बांधले जाऊ नये, ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही अशा स्त्रियांना जामीनदाराच्या अटीवाचून मुक्त करावे, सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध कोणत्याही गृहात ठेवू नये, आणि अस्तित्वात असलेली स्त्री-कारागृहे रिकामी करून बंद करावीत.” मराठी प्रत मी वाचली, कानडी प्रत चिटणिसांच्या मेजावर आहे.

अनुमोदन कोण देते? हात वर करून आपले नाव आणि गाव सांगावे. डाव्या अंगाच्या मंडळींना दुरुस्ती सुचवायची असेल तर ती लेखी द्यावी, आणि ‘रिकामी करून’ हे शब्द सोडून सुचवावी.